आंबेखिंडीचे चौतीस हिरडे

१४ जुलै १९४०, रविवार. भोर.

आजच्या तारखेस एक गंभीर तक्रार नोंदवून ठेवतो, कारण ती ऐकून घेईल असं दुसरं कोणतंही दफ्तर या मुलखात नाही.

माझी छत्री गेली. हरवली असं म्हणत नाही. हरवण्याचा दोष माझ्याकडे येतो, आणि मी निर्दोष आहे. सारोळ्याला पुलाजवळच्या हॉटेलात, मोटारीची वाट बघत, मी ती भिंतीला टेकवून चहा प्यालो. तेवढ्यात कुणी गृहस्थ ती घेऊन गेला आणि तिच्या जागी स्वतःची ठेवून गेला. चोर असता तर मी त्याला शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पण याने अदलाबदल केली. त्याच्या छत्रीला पाच काड्या आहेत, त्यातल्या दोन आपापसांत बोलत नाहीत. कापडाला एवढी भोकं आहेत की पाऊस त्यातून रांग लावून येतो.

गेली बावीस वर्षं कचेरीच्या ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहितो. कुणाचा बांध सरकला, कुणाची म्हैस कोंडवाड्यात गेली, सगळ्यांची दुःखं मी 'मायबाप सरकार' पासून 'अर्जदाराची निशाणी अंगठा' पर्यंत नीट मांडली. आज माझ्या दुःखाला अर्जनवीस नाही. गेल्या महिन्यात पॅरिस पडल्याची बातमी आली तेव्हा मी दोन भाकरी खाल्ल्या होत्या. आज एक उरली.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "नवी घ्या."

म्हटलं, "प्रश्न छत्रीचा नाही, तत्त्वाचा आहे."

"मग तत्त्व डोक्यावर धरून जा ओट्यावर."

कमळाबाईंच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही, हे मी लग्नाच्या तिसऱ्या दिवशी ओळखलं होतं. नोंद करायची राहिली होती.


२१ जुलै

कुरण मंडळाची बैठक झाली. मंडळ म्हणजे गुंजवणीच्या खोऱ्यातली तेरा गावं. डोंगरावरची सामाईक कुरणं सांभाळायची, गवत कधी कापायचं, गुरं कुठं चारायची, हे ती मिळून ठरवतात. म्हातारे अध्यक्ष वैशाखात गेले. त्यांना कुणी निवडलंच नव्हतं. ते होते म्हणून होते. आता नवा निवडायचा, तर कसा निवडायचा, यावर तीन तास भांडण.

उभे दोघे. एक कोंडिबा, वरच्या अंगाचा शेतकरी. सही येते, पण ती करताना घाम येतो. दुसरा बाजी, खालच्या मोठ्या गावचा, मोटारीचा भागीदार, पुण्याला ओळखी, बोलणं गुळगुळीत.

कोंडिबाचं म्हणणं सरळ, "येक घर, येक मत. मोजा आन् व्हा मोकळं."

मी उभा राहिलो. छत्री गेल्यापासून माझ्या जिभेला धार आली आहे. म्हटलं, कोंडिबा, खालच्या तीन गावांत मिळून जेवढी घरं आहेत तेवढी वरच्या सात गावांत नाहीत. सगळी घरं एका ढिगात टाकलीत तर कायमचा अध्यक्ष खालचा. तुझं नुकसान तूच मागतोयस.

मग मी त्यांना अमेरिका सांगितली. पेपरात वाचलं होतं. या नोव्हेंबरात तिथं अध्यक्षाची निवडणूक आहे, आणि एवढा मोठा तो देश, पण तिथं लोक अध्यक्षाला थेट मत देतच नाहीत. प्रांताप्रांतातून निवडणारे लोक पाठवतात, आणि ते निवडतात. लहान प्रांत मोठ्याच्या पायाखाली जात नाही. तसंच आपण करू. प्रत्येक गावानं आपला कौल घ्यावा आणि एक मुखत्यार पाठवावा. तेरा गावं, तेरा मुखत्यार, तेरा मतं.

"अमेरिकेत कुरणं हायत का?" मागून कुणीतरी विचारलं.

"आपल्या संस्थानाएवढं एकेक कुरण आहे," मी ठोकून दिलं.

ठराव पास. नियम मी लिहायचे.

घरी हिला सगळं रंगवून सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे लोकांना एकदा विचारायचं, आणि मग त्या तेरा जणांना पुन्हा विचारायचं. लोकांनी सांगितलेलं त्यांना कळलं नाही तर?"

म्हटलं, हा राज्यशास्त्राचा विषय आहे.

"असेल," म्हणाली, आणि तांदूळ निवडायला बसली.


२६ जुलै

नियम लिहून झाले. नऊ कलमं. पाचवं कलम रात्री तीनदा मोठ्याने वाचलं, इतकं ते चांगलं उतरलं आहे. उतरवून ठेवतो:

'मुखत्यार हा केवळ निरोप्या नव्हे. गावाचा कौल ध्यानी घेऊन, परंतु आपल्या सदसद्विवेकबुद्धीस स्मरून, त्याने सर्व खोऱ्याच्या हिताचे मत द्यावे.'

ओट्यावरच्या दोघातिघांना वाचून दाखवलं. कुणाला कळलं नाही. चांगल्या वाक्याची ही खूण आहे.


४ ऑगस्ट. आंबेखिंड.

कौल घ्यायला माझ्या गावी, आंबेखिंडीला आलो. घाटाच्या तोंडाशी येईपर्यंत त्या सारोळेकर गृहस्थाच्या छत्रीने शेवटचा श्वास सोडला. वाऱ्याने तिला उलटी केली, आणि तिची काळी चिंधी खालच्या भाताच्या खाचरात जाऊन पडली. मी एका दगडाआड उभा, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलात. खोऱ्याच्या राज्यघटनेचा कर्ता अशा अवस्थेत कुणी पाहू नये असं वाटत होतं, तोवर हैबतीने पाहिलं.

हैबती म्हणजे आमच्या गावाच्या वर, कड्याखाली जो धनगरवाडा आहे, तिथला कारभारी. साठीचा असेल. अकरा घरं, म्हशी, गाई, शेळ्या. सरकारी दफ्तरात त्यांना वेगळं गाव म्हणत नाहीत, आंबेखिंडीतच लिहिलेले आहेत. सोबत त्याची बायको सोजराबाई, डोक्यावर दुधाची किटली. दोघेही इरल्यांत. बांबूच्या कामट्यांचं, पानांनी शाकारलेलं ते लांबट टोपलं डोक्यावरून पाठीपर्यंत उतरतं. आत माणूस कोरडा आणि जरा कासवासारखा दिसतो.

हैबतीने स्वतःचं इरलं काढून माझ्या डोक्यावर ठेवलं.

"आणि तुम्ही, हैबतीबाबा?"

"आमी भिजलेलेच जल्मलो. तुमी कागदवालं मानूस, कागद भिजंल."

सोजराबाई म्हणाली, "इरल्यात चांगलं दिसतायसा, आनंदराव. आता दोन म्हशी घ्या नि या वर ऱ्हायाला."

इरलं परत कधी देऊ विचारलं, तर हैबती म्हणाला, "पाऊस हाय तवर वापरा. दुसरं बांधतो म्या."

दुपारी देवळात कौल झाला. लिहिता येणारी माणसं चार, तेव्हा चिठ्ठ्यांचा प्रश्न नव्हता. आमच्याकडची जुनी रीत अशी की एका मोठ्या घागरीत प्रत्येक घराने बी टाकायचं. कोंडिबासाठी हिरडा, बाजीसाठी करंजाची बी. हात घागरीत, कुणाला दिसत नाही. मग पोत्यावर ओतून सगळ्यांसमक्ष मोजायचं.

गावठाणातली पन्नास घरं झाली, तोवर धनगरवाड्याची अकरा घरं खाली उतरली. दोन तासांची उतरण, निसरडी वाट. सगळ्यात मागं भामाबाई नावाची एक विधवा, काठी टेकत. तिने घागरीत हात घातला तो बराच वेळ काढलाच नाही. पुजारी म्हणाला, "आजी, टाका की." म्हणाली, "टाकला. पर नीट पडला का बगतीया."

चौतीस हिरडे, सत्तावीस करंजाच्या बिया.

मुखत्यार मी. दुसऱ्या कुणाचं नावच आलं नाही. हिरडे एका फडक्यात बांधून, गाठीवर लाख लावून माझ्या हाती दिले. गावाची निशाणी म्हणून मंडळापुढं ठेवायचे, हे माझंच सातवं कलम.

परतताना हैबती चार पावलं सोबत आला. म्हणाला, "आनंदराव, आमास्नी दुसरं काय बी नगं. वरलं कुरन चारायला मोकळं ऱ्हायलं पायजे. बाजीसाब गवत कापून पुन्याला इकायचं म्हनत्यात. मग आमी जनावरं कुटं घालायची? कोंडिबाला ठावं हाय ते."

"चौतीस हिरडे आहेत, हैबतीबाबा. काळजी कसली?"

"तुमी हाईसा म्हनून न्हाई काळजी."


१२ ऑगस्ट

तेराही गावांचे कौल आले. कोंडिबाकडे सात, बाजीकडे सहा. मी गंमत म्हणून घरांची बेरीज केली. सगळ्या खोऱ्यात हिरडे पाचशे ऐंशी, करंजाच्या बिया चारशे एकोणनव्वद. म्हणजे कोंडिबाच्या ढिगाच्या पद्धतीनेही कोंडिबाच आला असता. खालच्या गावांतही त्याला बरीच मतं पडली. माझा अंदाज थोडा चुकला, पण निकाल एकच, तेव्हा पद्धत कोणतीही असो. हिला हे सांगितलं नाही.


१८ ऑगस्ट, रविवार

आज बाजी स्वतः घरी आला. दीड तास बसला. पोहे दोनदा घेतले.

आल्याआल्या म्हणाला, "आनंदराव, तुमचं पाचवं कलम मी पाठ केलंय." आणि म्हणून दाखवलं, एकही शब्द न चुकता. 'सदसद्विवेकबुद्धीस' सुद्धा. बावीस वर्षांत माझं एक वाक्य कुणी पाठ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

माणूस वाटतो तसा उथळ नाही. त्याचा मुद्दा असा: वरच्या कुरणात दरवर्षी गवत उभं वाळतं आणि वणव्यात जातं. तेच कापून गाठी बांधून पुण्याला पाठवलं तर मंडळाला उत्पन्न. त्यातून ओढ्यावर फरशीचा पूल. गेल्या श्रावणात तिथं आंबेखिंडीची एक बाळंतीण अडकून राहिली होती, हे खोटं नाही. आणि कोंडिबा सज्जन आहे, पण साहेबासमोर उभा राहिला की त्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही, हेही खोटं नाही.

"धनगरवाड्याचं काय?" मी विचारलं.

"त्यांना सवलत देऊच की. मी काय राक्षस आहे?"

मग म्हणाला, "आणि एक सांगू? गावठाणातली घरं तेवढी धरा. तेवीस हिरडे आणि सत्तावीस करंजाच्या बिया. आंबेखिंड गाव म्हणून माझ्याकडेच आहे. वाड्याच्या अकरा घरांनी पारडं फिरवलं."

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. हिशेब बरोबर आहे.

जाताना दाराशी थांबला. "तुमची छत्री गेल्याचं ऐकलं. माझ्याकडे दोन आहेत, ही राहू द्या." काळं रेशमी कापड, वाकड्या मुठीला चांदीची पट्टी. मी नको म्हणालो. तो म्हणाला, वापरायला म्हणून ठेवा. वापरायला म्हणून ठेवली. तिचा या विषयाशी संबंध नाही, म्हणून दोन्ही गोष्टी एकाच पानावर निःशंकपणे लिहितो आहे.

हैबतीचं इरलं मागच्या पडवीत खुंटीला आहे. भोरच्या पेठेत ते घालून ओट्यावर बसणं काही शोभलं नसतं.


२५ ऑगस्ट

खोकला. घाटातल्या भिजण्याचा असावा. सगळी रात्र खोकलो. सकाळी बघतो तर ही सहाणेवर काहीतरी उगाळते आहे.

"काय आहे?"

"हिरडा. मधातून घ्या."

"कुठून आणलास?"

फडक्याची गाठ सुटलेली होती. लाख चुलीजवळ पडली होती.

मी ओरडलो असेन. "अगं, ती गावाची निशाणी आहे. सीलबंद होती."

ही शांतपणे म्हणाली, "चौतीस आहेत. एकाने काय कमी होतंय? तसंही तुम्ही ठरवलंच आहे ना आता."

"मी काय ठरवलंय?"

हिने चाटण पुढं केलं. तुरट, पण घशाला आराम पडला.

मी काहीही ठरवलेलं नाही. मी विचार करतो आहे, आणि विचार करणं हे पाचव्या कलमाप्रमाणे माझं कर्तव्यच आहे.


१ सप्टेंबर, रविवार

झालं.

धर्मशाळेत तेरा मुखत्यार बसले. मंडळाचे चिटणीस चिमाजी यांनी एकेका गावाचं नाव पुकारायचं, मुखत्याराने उभं राहून नाव घ्यायचं आणि गावाची निशाणी पुढं ठेवायची. आंबेखिंडीचा नंबर अकरावा. तोवर कोंडिबा सहा, बाजी चार. उरलेली दोन गावं बाजीची होती, हे सगळ्यांना माहीत होतं. सगळं माझ्यावर आलं होतं, आणि ते मला आवडलं, हे या वहीत कबूल करायला हरकत नाही. धर्मशाळेत एवढी शांतता माझ्यासाठी कधी झाली नव्हती.

उठलो. दोन वाक्यांत विवेकाबद्दल बोललो. मग बाजीचं नाव घेतलं.

कुणी ओरडलं नाही. ओरडतील म्हणून मी उत्तर तयार करून नेलं होतं, ते खिशातच राहिलं. कोंडिबा समोरच्या खांबाशी बसला होता. हळूच म्हणाला, "आनंदराव, गावानं हिरडं दिलं हुतं न्हवं?"

"दिले होते."

"मग कुटं हायत?"

"घरी."

मागं एकजण हसला. कोंडिबा हसला नाही. त्याने पागोटं सारखं केलं. म्हणाला, "आमी म्हशीचा दलाल करतो बाजारात. तो म्हनाला, तुमची म्हस मला पटत न्हाई, म्या माझ्या मनानं दुसऱ्याला देतो, तर त्याला काय म्हनायचं?"

मी म्हणालो, दलाल आणि मुखत्यार यांत फरक आहे.

"असंल. तुमी शिकल्यालं," तो म्हणाला, आणि उठून सगळ्यांना रामराम करून गेला. मलाही केला.

सात विरुद्ध सहा. बाजी अध्यक्ष.

माझी बाजू लिहून ठेवतो. एक: फरशी होईल. दोन: गावठाणाचा कौल मुळात बाजीकडेच होता. तीन: मुखत्याराला जर फक्त पोतं वाहायचं असेल तर माणूस कशाला, बैल पाठवा. चार: 

(चौथं सुचेना. उद्या लिहीन.)


३ सप्टेंबर

चौथं सुचलं नाही.


२२ सप्टेंबर

ओट्यावर बसलो होतो. आंबेखिंडीचे दोघे अर्ज लिहून घ्यायला कचेरीत आले, समोरून गेले, आणि कोपऱ्यावरच्या त्या नवशिक्या गेनबाकडे बसले, ज्याला 'अर्जदार' चा रफार धड देता येत नाही. ऊन होतं. उगाचच छत्री उघडून बसलो.


६ ऑक्टोबर

वरच्या कुरणाचा लिलाव झाला. मक्त्याने पुण्याच्या कुणा व्यापाऱ्याला गेलं. दसऱ्यानंतर चराई बंद, राखणदार बसणार. फरशीचे दगड ओढ्याकाठी येऊन पडले आहेत, हे मी स्वतः पाहिलं. बाजीने शब्द पाळला.

दुसऱ्या शब्दाची आठवण करून द्यायला त्याच्या बैठकीवर गेलो. नम्रपणे म्हटलं, धनगरवाड्याची सवलत राहिली.

बाजीने कागदातून मान वर केली. "हो, बोललो होतो खरं. पण मी एकटा कोण देणारा? मंडळ आहे. प्रत्येकाने आपल्या विवेकाला स्मरून ठरवावं, असं कुणीतरी फार सुंदर लिहून ठेवलंय." आणि हसला. वाईट हसला नाही. चांगल्या वाक्याला दाद द्यावी तसा हसला.

चहा आला. मी प्यालो.

निघालो तेव्हा ती चांदीच्या पट्टीची छत्री कोपऱ्यात तशीच ठेवली. आठ दिवस झाले, कुणी परत पाठवली नाही, विचारलंही नाही. बहुधा तिथं आणखी बऱ्याच छत्र्या आहेत. (हे वाक्य चौदा तारखेला लिहिलं.)


१५ ऑक्टोबर

खोकला पुरता गेला. फडकं हातात घेतलं तर हलकं लागलं. उघडलं. तीन हिरडे.

"बाकीचे?"

"तुम्हीच खाल्लेत," ही म्हणाली. "रोज सकाळी मागत होतात. मी काय वेगळं दुकान मांडलं होतं?"

एकतीस घरांचं मत मधात उगाळून मी चाटलं. दोन तास उतरून आलेलं, नीट पडलं का बघून टाकलेलं. घसा छान मोकळा झाला आहे. बोलायला काही उरलेलं नाही.

ही थोड्या वेळाने जवळ येऊन बसली. म्हणाली, "त्या दिवशी मी म्हटलं ना, तुम्ही ठरवलंय. तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही नाही म्हणाल."


८ नोव्हेंबर

पेपर आला. अमेरिकेचा निकाल. जुनेच अध्यक्ष पुन्हा. लोकांची मतंही त्यांनाच जास्त आणि निवडणाऱ्यांची तर फारच. दोन्ही बेरजा एकाच बाजूला. मी कितीतरी वेळ तो रकाना बघत राहिलो. त्यांचं तिकडे जमलं, म्हणून काही सिद्ध होत नाही. आमचंही बारा ऑगस्टच्या दिवशी जमलंच होतं.

पुण्याच्या ज्या साप्ताहिकात मी अधूनमधून लिहितो, त्याचं पत्र आहे. 'आपल्या चुरचुरीत लेखणीतून निवडणूक या विषयावर दोन पानं.' गेल्या वर्षी एका बैठकीत लिहून दिली असती.

बसलो. लहान गाव मोठ्याखाली चिरडू नये, ही भीती मला अजून खरी वाटते. उद्या खालची तीन गावं एक झाली तर वरच्यांना कोण वाचवणार, याचं उत्तर कोंडिबाच्या ढिगात नाही. पण माझ्या उत्तरात काय होतं? लहान म्हणून मी गाव धरलं. त्याहून लहान वाडा असतो, तो मी गावाच्या पोटात टाकून दिला. आणि त्यांच्या घागरीच्या नि मंडळाच्या मध्ये एक माणूस उभा केला. सगळी पद्धत त्या माणसावर. तो माणूस कोण असेल हे कलम लिहिताना मला ठाऊक होतं. म्हणूनच ते इतकं सुंदर उतरलं.

दोन पानं झाली नाहीत. नकार कळवला. प्रकृतीचं कारण दिलं.


१० नोव्हेंबर, रविवार. आंबेखिंड.

काल पेठेतल्या बुरुडाकडून हैबतीचं इरलं नीट करून घेतलं. दोन कामट्या उंदरांनी कुरतडल्या होत्या, पानं गळाली होती. बुरूड म्हणाला, "पाऊस गेला की, आता कशाला घाई?" मी म्हटलं, दुसऱ्याचं आहे.

ते डोक्यावर घालून निघालो, कारण हातात धरून चालता येत नाही. लख्ख ऊन. भोरची पेठ सगळी बघत होती. घाट चढलो. गावठाणात थांबलो नाही, वर गेलो. अडीच तास लागले. ती वाट मी याआधी कधी चढलो नव्हतो.

कुरणाच्या कडेला गवताच्या गाठी रचलेल्या. राखणदाराने मला रामराम केला, मीच या व्यवस्थेचा कर्ता हे बहुधा त्याला माहीत असावं.

वाड्यातल्या अकरापैकी सहा घरांची छपरं उतरवलेली. खांब, शाकारणीचं गवत, हंडे, सगळं दोन बैलांवर लादत होते. भामाबाई दगडावर बसून एका वासराच्या गळ्यातलं दावं सोडत होती. हैबती दोर आवळत होता.

"कुठे निघालात?"

"घाटाखाली. सोयऱ्याकडं. बगू, जमतंय का." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "बसा. उनाचं आलासा."

सोजराबाईने ताक दिलं. मी खाली ठेवलं. म्हटलं, "हैबतीबाबा, चौतीस हिरडे पुरेसे होते. मी ते पुढं ठेवलेच नाहीत. बाजीचं नाव मीच घेतलं."

"ठावं हाय. कोंडिबा त्याच सांजला येऊन सांगून गेला."

"दोन महिने झाले. भोरच्या बाजाराला येता, ओट्यावरून जाता. बोलला नाहीत."

"तुमी सांगाल म्हनून वाट बगितली."

सोजराबाई गप्प राहणाऱ्यातली नाही. म्हणाली, "चार आठवडं आदी आला असतासा तर त्यास्नी तरी बरं वाटलं असतं. रोज म्हनायचं, आनंदरावाचं कायतरी कारन असंल."

"होतं का कारन?" हैबतीने विचारलं. रागाने नाही. खरोखर माहीत करून घ्यायचं होतं त्याला.

नऊ कलमं लिहिणाऱ्या माणसाने उत्तर शोधलं. फरशी होती, गावठाणाचा हिशेब होता. तोंडात आलं ते एवढंच: "त्याने माझं वाक्य पाठ म्हणून दाखवलं."

हैबतीला ते कळलं असेल असं वाटत नाही. की कळलं असेल. त्याने मान हलवली आणि पुन्हा दोराकडे वळला.

इरलं अजून माझ्या पाठीवर होतं. काढून पुढं केलं. त्याने ते उलटंसुलटं बघितलं, नव्या कामट्यांवरून अंगठा फिरवला.

"नवी बांदनी घातलीया."

"हो."

"पाऊस सरला की आनंदराव आता."

"माहीत आहे."

"ऱ्हाऊ द्या मग तुमच्याकडं. आमी तिकडं बांधू दुसरं."

"नको," मी म्हणालो. "तुमचं आहे."

बैल उठायच्या तयारीत होता. मी इरलं ओझ्यावर पालथं घातलं, सोजराबाईने दोराचं टोक दिलं, आणि ते मी माझ्या हाताने बांधलं. गाठ सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा बांधली. मग खाली ठेवलेलं ताक उचलून प्यालो, भांडं विसळून पालथं ठेवलं, आणि उतरायला लागलो.